वर्षातून एकदा येणारी भरती: समुद्राच्या हंगामी पातळीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते, अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याहून कितीतरी संथ असा आणखी एक चढउतार आहे. तो वर्षातून एकदाच होतो, सगळ्या पृथ्वीचा समुद्र मिळून होतो आणि डोळ्यांना अजिबात दिसत नाही. त्याबद्दल मला व्याख्यानांनंतर, एसटीत आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम मी लावलाय, प्रश्न लोकांचे आहेत.

जगातल्या समुद्राची सरासरी पातळी ऋतूप्रमाणे खरंच बदलते का?

बदलते. सगळ्या महासागरांची मिळून सरासरी काढली तर ती वर्षभरात सुमारे एक सेंटिमीटरने वरखाली होते. सर्वांत वर असते ऑक्टोबरच्या आसपास, सर्वांत खाली मार्च ते मेच्या सुमाराला.

एक सेंटिमीटर ऐकून लोक हसतात. मुंबईत उधाणाला एकाच दिवसात पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, त्यापुढे हा पाचशेवा हिस्सा. पण भरतीचं पाणी एका किनाऱ्यावर चढलं की दुसरीकडे उतरलेलं असतं. जगाची बेरीज तीच राहते. इथे बेरीजच बदलते. महासागरांचं क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर आहे. त्यावर एक मिलिमीटरचा थर चढवायला ३६० घन किलोमीटर, म्हणजे ३६० अब्ज टन पाणी लागतं. एका सेंटिमीटरला त्याच्या दहापट.

हे पाणी येतं कुठून आणि जातं कुठे?

कारणं दोन आहेत आणि ती वेगळी ठेवली नाहीत तर पुढचं सगळंच गोंधळाचं होतं.

पहिलं कारण वजनाचं. समुद्रातलं पाणी काही महिने जमिनीवर मुक्कामाला जातं आणि परत येतं. दुसरं आकारमानाचं. पाणी तेवढंच राहतं, पण तापलं की फुगतं आणि गार झालं की आक्रसतं. यालाच औष्णिक प्रसरण म्हणतात.

गंमत अशी की ही दोन्ही खाती एकमेकांच्या उलट चालतात. वजनाच्या खात्यामुळे पातळी आपल्या सरासरीच्या सुमारे ९ मिलिमीटर वर आणि तितकीच खाली जाते, शिखर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. प्रसरणाच्या खात्यात हाच झोका सुमारे ४ मिलिमीटरचा आहे आणि शिखर येतं मार्च-एप्रिलमध्ये. नऊमधून चार गेले, उरले पाच. पाच वर, पाच खाली, म्हणून एक सेंटिमीटर. दोन्ही खाती एकाच वेळी चढती असती तर हाच फरक अडीच सेंटिमीटरच्या पुढे गेला असता.

तापल्यावर पाणी एवढं काय फुगतं? पातेल्यात तर काही दिसत नाही.

पातेल्यात दिसत नाही कारण पातेलं उथळ आहे. (दूध उतू जातं ते उदाहरण देऊ नका. ते वाफेच्या बुडबुड्यांचं आणि सायीचं काम आहे, प्रसरणाचा त्यात फारसा हात नाही.)

शाळेच्या प्रयोगशाळेत पाहायचं असेल तर एक चंबू काठोकाठ रंगीत पाण्याने भरा, रबरी बुचातून बारीक काचनळी आत घाला आणि नळीतल्या पाण्याच्या रेषेवर दोरा बांधा. मग चंबू गरम पाण्यात ठेवा. पाणी आधी खाली जातं! वर्गात इथे हमखास कुजबूज होते, सरांचा प्रयोग फसला म्हणून. फसलेला नसतो. उष्णता आधी काचेला लागते, चंबू किंचित मोठा होतो आणि आतलं पाणी खाली बसतं. क्षणभराने पाणी तापतं आणि रेषा दोऱ्याला मागे टाकून वर चढत राहते.

समुद्राचं तसंच, फक्त नळी शंभर मीटर खोल समजा. २५ अंशांच्या आसपासचं समुद्राचं पाणी एका अंशाने तापलं तर त्याचं आकारमान दहा हजारात साधारण तीन भाग वाढतं. शंभर मीटर जाडीचा थर एका अंशाने तापला तर तीन सेंटिमीटर. बाजूला पसरायला जागा नाही, तळ हलत नाही, त्यामुळे सगळी वाढ वरच्या वर दिसते.

आणि सगळं पाणी सारखं फुगत नाही. ३० अंशांजवळचं समुद्राचं पाणी तेवढ्याच तापमानवाढीत ० अंशाजवळच्या पाण्यापेक्षा पाच-सहापट जास्त फुगतं. म्हणून तीच उष्णता विषुववृत्ताजवळ शिरली की पातळी जास्त चढते आणि ध्रुवाजवळ शिरली की जेमतेम.

शाळेत शिकलो होतो की ४ अंशांखाली पाणी उलटं फुगतं. मग ध्रुवाजवळचा समुद्र गार होताना फुगतो का?

नाही. तो नियम गोड्या पाण्याचा, तळ्यांचा. पाण्यात मीठ दर किलोला सुमारे २५ ग्रॅमच्या वर गेलं की ही विचित्र वागणूक गोठणबिंदूच्या खाली ढकलली जाते. समुद्रात मीठ सरासरी ३५ ग्रॅम. त्यामुळे समुद्राचं पाणी गोठेपर्यंत आक्रसतच जातं.

उत्तरेत उन्हाळा असतो तेव्हा दक्षिणेत हिवाळा. एकीकडे फुगलं, दुसरीकडे आक्रसलं. बेरीज शून्य व्हायला हवी ना?

समुद्र दोन्ही गोलार्धांत सारखा वाटलेला असता तर जवळजवळ झालीच असती. पण नकाशा पाहा. उत्तर गोलार्धाचा सुमारे ६१ टक्के भाग पाणी आहे, दक्षिण गोलार्धाचा सुमारे ८१ टक्के. दक्षिणेचा उन्हाळा जास्त पाणी तापवतो. त्यात आणखी एक भर. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, जुलैपेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटरनी जवळ. त्या दिवसांत पृथ्वीवर येणारं ऊन जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त असतं. आपण इथे शेकोटीजवळ बसलेले असतो तेव्हा.

मग शिखर जानेवारीत न येता मार्च-एप्रिलमध्ये का? कारण पातळी ऊन मोजत नाही, साठा मोजते. पगार डिसेंबरमध्ये सर्वांत जास्त असला तरी खात्यातली शिल्लक वाढत राहते ती जमा खर्चाहून जास्त आहे तोवर. दक्षिणेचा समुद्र मार्चपर्यंत कमावत असतो. मग खर्च वरचढ होतो आणि शिल्लक उतरायला लागते.

एकेका गोलार्धापुरतं पाहिलं तर हे आकडे मिलिमीटरचे राहत नाहीत. समशीतोष्ण पट्ट्यात वरचा ५० मीटरचा थर उन्हाळ्यात चार अंशांनी तापला तर पाच सेंटिमीटर सहज चढतात. अमेरिकेच्या पूर्वेला गल्फ स्ट्रीम आणि जपानजवळ कुरोशिओ या प्रवाहांच्या परिसरात हंगामी झोका याहून मोठा असतो. जगाच्या सरासरीत दिसते ती दोन गोलार्धांच्या भांडणातली उरलीसुरली बाकी.

समुद्र तापून मार्चमध्ये फुगतो, तर एकूण पातळी ऑक्टोबरमध्ये वर कशी?

कारण वजनाचं खातं मोठं आहे, आणि ते चालवतो उत्तरेतला बर्फ.

सैबेरिया, कॅनडा, अलास्का, मध्य आशियाचे डोंगर. जानेवारीत उत्तर गोलार्धातली साडेचार कोटी चौरस किलोमीटरहून जास्त जमीन बर्फाने झाकलेली असते, म्हणजे भारताच्या सुमारे चौदापट. ऑगस्टमध्ये यातलं फार थोडं उरतं. हा बर्फ म्हणजे समुद्रातून वाफ होऊन गेलेलं पाणी, जे परत यायचं थांबलंय. नदी वाहून नेते, बर्फ धरून ठेवतो. मार्च-एप्रिलपर्यंत ही उधारी वाढत जाते, मग वितळणं सुरू होतं, ओब, येनिसेई, लेना, मॅकेन्झी यांना पूर येतात आणि उन्हाळा संपताना समुद्राला त्याचं पाणी परत मिळतं. दक्षिण गोलार्धात एवढी थंड जमीनच नाही. अंटार्क्टिका आहे, पण तिथला बर्फ उन्हाळ्यात असा नाहीसा होत नाही. त्यामुळे उत्तरेला तोडीस तोड उत्तर द्यायला कुणी नाही.

या ये-जा होणाऱ्या पाण्याचा हिशेब करून पाहा. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत १८ मिलिमीटर गुणिले ३६०, म्हणजे साधारण साडेसहा हजार घन किलोमीटर. आपलं कोयना धरण १०५ टीएमसी भरलं की त्यात तीन घन किलोमीटरपेक्षा किंचित कमी पाणी असतं. म्हणजे दोन हजारांहून जास्त कोयना दरवर्षी भरतात आणि रिकाम्या होतात.

पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहतात. तेव्हा तर समुद्र वाढायला हवा?

पाऊस पडला म्हणून समुद्रात भर पडत नाही, कारण तो पाऊस समुद्रातूनच उचललेला आहे. समुद्राच्या पृष्ठभागावरून वर्षाकाठी सरासरी १.२ मीटर पाणी वाफ होऊन जातं. त्यातलं बरंचसं समुद्रावरच पावसाने परत पडतं. जे जमिनीवर जातं त्याची परतफेड नद्या करतात, वर्षाला सुमारे ४० हजार घन किलोमीटर. समुद्रावर पसरलं तर हा ११ सेंटिमीटरचा थर होईल. जाणारं आणि येणारं रोजच्या रोज जुळत असतं तर हंगामी चढउतार झालाच नसता. वाटेत थांबणं, बर्फात, मातीत, भूजलात, धरणांत, हेच त्याचं मूळ.

आपला मान्सून या खेळात उलट्या बाजूने खेळतो. सप्टेंबरमध्ये जगाचा समुद्र वर चढत असतो, तेव्हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली जमीन पाण्याने तुडुंब असते आणि आपली धरणं भरलेली. ॲमेझॉनचं खोरं भरतं ते एप्रिल-मेच्या सुमाराला. ही सगळी खोरी मिळून बर्फाचा ताल मोडत नाहीत, थोडा बदलतात एवढंच.

धरणांचा विषय निघालाच आहे तर: गेल्या शतकभरात जगभर बांधलेल्या धरणांनी मिळून समुद्राच्या पातळीतले सुमारे तीन सेंटिमीटर अडवून ठेवले आहेत. एकट्या कोयनेचा वाटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी.

अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ वितळला की?

फरक जवळजवळ शून्य. तो तरंगतो, आणि तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेली असते. काठोकाठ सरबताच्या पेल्यातला बर्फ वितळला म्हणून सरबत सांडत नाही. जमिनीवरचा बर्फ वेगळा.

एवढा बारीक फरक मोजतात कसा?

तीन वेगवेगळ्या वाटांनी, आणि तिन्हींचा ताळा जमतो. या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

पहिली वाट रडारची. १० ऑगस्ट १९९२ रोजी टोपेक्स-पोसायडन हा अमेरिका-फ्रान्सचा उपग्रह गेला. त्याच्यामागून जेसन मालिकेतले तीन आणि २०२० मध्ये सेंटिनेल-६ मायकल फ्रायलिख. जुने निवृत्त होत गेले तरी १९९२ पासून हे उपग्रह १,३३६ किलोमीटर उंचीवरून, दर दहा दिवसांनी त्याच वाटेवरून जात आले आहेत आणि रडारचा ठोका पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजत आले आहेत. एकेक मोजमाप काही सेंटिमीटरनी चुकू शकतं. लाखो मोजमापांच्या सरासरीत ती चूक विरून जाते. आपली इस्रो आणि फ्रान्सची अवकाशसंस्था यांचा सरल हा उपग्रहही याच कामासाठी २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. या वाटेने कळते ती एकूण पातळी.

दुसरी वाट वजनाची. २००२ मध्ये ग्रेस नावाचे दोन जुळे उपग्रह एकामागोमाग सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून सोडले गेले. खाली पाण्याचा साठा जास्त असला की पुढचा उपग्रह किंचित आधी ओढला जातो, दोघांतलं अंतर बदलतं, आणि ते अंतर केसाच्या जाडीहूनही बारीक मापाने मोजलं जातं. २०१७ मध्ये ते निवृत्त झाले, २०१८ पासून त्यांची दुसरी जोडी फिरते आहे. सैबेरियाचा बर्फ समुद्रात परतला हे त्यांना वजनावरून कळतं.

तिसरी वाट थेट पाण्यात उतरते. आर्गो नावाचे सुमारे चार हजार फ्लोट जगभरच्या समुद्रांत वाहत असतात. माणसाएवढ्या उंचीचं एक नळकांडं, वर अँटेना. ते हजार मीटर खोलीवर निवांत तरंगत राहतं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतं आणि वर येता येता तापमान आणि क्षारता नोंदवतं. वर यायची त्याची युक्ती बघा: आतलं तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलायचं. वजन तेवढंच, आकारमान वाढलं, म्हणून वर. समुद्र जे करतो तेच. हिंदी महासागरातल्या भारताच्या फ्लोटचं काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाहते.

आर्गोवरून प्रसरण काढा, ग्रेसवरून वजन काढा, दोन्हींची बेरीज करा. ती रडारच्या आकड्याशी जुळते.

आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरही ऑक्टोबरमध्येच पाणी वर असतं का?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. जगाची सरासरी म्हणजे तुमच्या गावची पातळी नव्हे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः गोवा-कर्नाटक-केरळला, महिन्याची सरासरी पातळी सर्वांत खाली असते ती मान्सूनमध्ये आणि तो सरता सरता, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला. सर्वांत वर असते नोव्हेंबर ते जानेवारीत. कोचीला हा फरक वीसेक सेंटिमीटरच्या घरात जातो, म्हणजे जगाच्या सरासरीच्या वीसपट.

आतला कारभार असा. मान्सूनमध्ये किनाऱ्याला समांतर प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहतं पाणी आपल्या उजवीकडे रेटलं जातं, इथे उजवी बाजू म्हणजे खोल समुद्र. वरचं गरम पाणी किनाऱ्यापासून दूर सरतं आणि त्याची जागा घ्यायला खालचं गार, जड पाणी वर येतं. गार पाणी म्हणजे आक्रसलेलं पाणी, किनारा उतरतो. हेच पाणी खालून खाद्यद्रव्यं घेऊन येतं, म्हणून मासळीची चंगळ होते. पण त्याच्यात प्राणवायू कमी असतो. गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपतो. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

नोव्हेंबरनंतर प्रवाह फिरतो. तो उत्तरेकडे वाहू लागतो, बंगालच्या उपसागरातलं कमी खारट, हलकं पाणी श्रीलंकेला वळसा घालून आपल्या बाजूला आणतो. त्याच वाटेने उपसागरातल्या वाऱ्यांनी उठवलेल्या केल्विन लाटाही येतात. या लाटा किनाऱ्याला चिकटून शेकडो किलोमीटर लांबीने जातात, उंची काही सेंटिमीटर, म्हणून त्या कुणाला दिसत नाहीत. म्हणजे तिकडे पूर्वेला वारा वाहिला त्याची वर्दी आपल्याकडे पाण्याच्या पातळीतून येते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा वेळ विश्वासच बसला नव्हता.

मुंबईकडे येता येता हे चित्र फिकं होतं आणि हवेचा दाब मध्ये येतो. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की खालचं पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं. मुंबईत जानेवारीत दाब १०१३ च्या आसपास असतो, जुलैत १००३ च्या. म्हणजे प्रवाह पाणी उतरवत असतात त्याच महिन्यांत दाब ते उचलत असतो.

पूर्व किनाऱ्यावर हंगामी फरक आणखी मोठा आहे, हुगळीच्या मुखाकडे तर कितीतरी. तिथे नद्यांचं गोडं पाणी ओतलं जात असतं.

मग पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरच्या भरतीचे इशारे देते, ते यामुळेच ना?

नाही. ते चंद्र-सूर्याचं काम आहे. त्या तारखा गणिताने कितीतरी आधी काढता येतात. तितकीच मोठी उधाणं मुंबईला हिवाळ्यातही येतात, फक्त ती मध्यरात्रीच्या सुमाराला येतात आणि तेव्हा पाऊस नसतो. पावसाळ्यातली येतात भर दुपारी. भरतीचं पाणी वर असताना गटारांचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही आणि वरून पाऊस कोसळतो, म्हणून जून-जुलैच्या तारखांची बातमी होते आणि डिसेंबरच्या तारखा झोपेत निघून जातात.

समुद्रपातळीच्या आलेखात करवतीसारखे दाते असतात, आणि दुसऱ्या एका आलेखात नसतात. कुणीतरी लपवाछपवी करतंय का?

लपवाछपवी नाही, पण शंका योग्य आहे. दाते म्हणजे हाच हंगामी चढउतार. दीर्घकाळचा कल बघायचा असतो तेव्हा तो वजा करतात आणि आलेखावर तसं लिहिलेलं असतं. ते वाचायची सवय लावून घ्या.

वजा का करतात, ते आकड्यांवरून कळेल. १९९३ पासूनची सरासरी वाढ वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या आत-बाहेर आहे. हंगामी झोका दहा मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांची वाढ एका सहामाहीत. आता ऑक्टोबरचा आकडा घ्या आणि त्यापुढच्या एप्रिलचा घ्या: समुद्र उतरतोय! एप्रिलचा घ्या आणि ऑक्टोबरचा घ्या: समुद्र धडाधड चढतोय! दोन्ही प्रकारची व्हॉट्सॲप-पत्रं मला आली आहेत. तुलना करायची तर एप्रिलची एप्रिलशी करा.

एखाद्या वर्षी पातळी खरोखर खाली गेली असं झालंय का?

झालंय. २०१०-११ च्या जोरदार ला निनात (विषुववृत्ताजवळचा मध्य आणि पूर्व पॅसिफिक नेहमीपेक्षा गार असतो ती स्थिती) हंगामी भाग वजा करूनही पातळी सुमारे ५ मिलिमीटर उतरली. पाणी गेलं कुठे ते ग्रेसने दाखवलं: ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग आणि आग्नेय आशिया. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या भागातून समुद्राकडे जाणारी वाटच नाही. तिथे पडलेला पाऊस आयर सरोवराच्या खोलगटात साचून बसला. वाफ होऊन जाईपर्यंत समुद्राला परतफेड नाही. मग पातळी पुन्हा चढली. एल निनोच्या, म्हणजे तोच पॅसिफिक नेहमीपेक्षा गरम असलेल्या वर्षांत, उदाहरणार्थ १९९७-९८ किंवा २०१५-१६, उलटं होतं: समुद्र तापलेला असतो आणि पाऊस जमिनीऐवजी समुद्रावर जास्त पडतो.

हंगामी प्रसरण आणि हवामानबदलातलं प्रसरण एकच का?

भौतिकशास्त्र एकच. फरक इतकाच की हंगामी उष्णता सहा महिन्यांत परत जाते, आणि हरितगृह वायूंनी अडवलेली जात नाही. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात जाते. हंगामी उष्णता वरच्या शंभरेक मीटरमध्ये घुटमळते. ही हळूहळू खाली झिरपते आणि तिथे शतकानुशतकं राहते.

१९७१ ते २०१८ या काळातल्या पातळीवाढीतला सुमारे निम्मा वाटा प्रसरणाचा होता, बाकीचा मुख्यतः हिमनद्या आणि हिमस्तरांचा. अलीकडच्या वर्षांत वितळण्याचं पारडं जड झालं आहे, दोन-तृतीयांशाच्या आसपास. पण २०२४ मध्ये हे प्रमाण उलटलं. नासाच्या हिशेबाने त्या वर्षी पातळी ५.९ मिलिमीटर वाढली, अपेक्षा ४.३ ची होती, आणि दोन-तृतीयांश वाटा प्रसरणाचा निघाला. तापमान नोंदी सुरू झाल्यापासूनचं ते सर्वांत उष्ण वर्ष.

रेल्वे स्टेशनच्या पाटीवरची 'समुद्रसपाटीपासून उंची' मग कुठल्या महिन्याच्या समुद्रापासून?

कुठल्याच एका महिन्याच्या नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९ मध्ये ठरवलेली सपाटी कराचीपासून ओडिशाच्या फॉल्स पॉइंटपर्यंतच्या नऊ बंदरांतल्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढली होती. मुंबई आणि कारवार त्यात होते. ऋतू, भरती, लाटा, सगळं सरासरीत बुजवून उरलेली ती एक कल्पित रेघ.

हे घरबसल्या तपासून पाहता येईल का?

येईल, आणि जरूर पाहा. मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. तिथलं जुनं यंत्र साधं होतं: पाण्यात उभी विहीरवजा नळी, तळाशी बारीक भोक, आत फ्लोट. भोक बारीक असल्याने लाटा आत शिरत नाहीत, भरती मात्र सावकाश शिरते. अशा जगभरच्या बंदरांच्या महिनावार सरासरी लिव्हरपूलच्या एका संस्थेत १९३३ पासून जमा होतात आणि त्या कुणालाही फुकट उतरवून घेता येतात.

स्प्रेडशीट उघडा, सगळे जानेवारी एका खाली एक, सगळे फेब्रुवारी एका खाली एक, आणि बारा सरासरी काढा. सुरुवात मुंबईपासून करू नका. दाब आणि प्रवाह एकमेकांना खात असल्याने पहिल्याच झटक्यात निराश व्हाल. कोचीचे आकडे घ्या. तिथली भरतीच जेमतेम मीटरभराची, त्यामुळे मान्सूनमधला खड्डा आणि डिसेंबरचा उंचवटा कागदावर लगेच उठून दिसतो. मग मुरगाव. मुंबई शेवटी.